मीटरमधले आकडे कुणाचे? नेदरलँड्सच्या स्मार्ट मीटरचे प्रकरण

२००८ साली नेदरलँड्सच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने एक विधेयक मंजूर केले. देशातल्या सत्तर लाखांच्या आसपास घरांमधले जुने वीज आणि गॅस मीटर काढून तिथे स्मार्ट मीटर बसवायचे, असे ठरले. हा मीटर विजेचा प्रत्येक पंधरा मिनिटांचा आणि गॅसचा प्रत्येक तासाचा आकडा आपोआप वितरण कंपनीकडे, म्हणजे तारा आणि पाइप सांभाळणाऱ्या कंपनीकडे, पाठवणार होता. मीटर नाकारणे हा गुन्हा ठरणार होता आणि त्याला १७,००० युरोपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा होती. हेतू मात्र चांगला होता. लोकांना आपला वापर कळला की ते ऊर्जा वाचवतील, आणि देशाचे कार्बन उत्सर्जन कमी होईल, हा त्यामागचा हिशेब.

एप्रिल २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहाने हे विधेयक आहे त्या स्वरूपात मंजूर करायला नकार दिला. तेव्हाच्या अर्थव्यवहार मंत्री मारिया फान डर हूवेन यांना ते मागे नेऊन दुरुस्त करावे लागले. खासगीपणाच्या हट्टापायी हवामानाचे काम अडले, अशी टीका त्या वेळी सहज करता आली असती. पुढच्या पंधरा वर्षांत जे घडले ते पाहता मला उलट वाटते. व्यक्तिगत माहिती पर्यावरणासाठी वापरायची असेल तर ती किती बारीक आहे, ती कुठे राहते आणि ती पुढे देण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे तीन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. विधेयकाने ते एकाच मोळीत बांधले होते. नकारामुळे ती मोळी सुटली, आणि डच व्यवस्थेत आज जे काही उपयोगाचे आहे ते त्यातूनच उभे राहिले.

पंधरा मिनिटांत काय दिसते

विजेच्या आकड्यांतून घर वाचता येते, हे नवे नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले होते की घरात शिरणाऱ्या एका मुख्य वायरीवर मोजणी केली तरी आत कोणते उपकरण केव्हा चालू झाले हे ओळखता येते. फ्रिजचा कॉम्प्रेसर ठरावीक वेळाने चालू-बंद होतो, गीझर एकदम मोठी उडी घेतो, वॉशिंग मशीन पाणी तापवताना वेगळे आणि कपडे पिळताना वेगळे दिसते. प्रत्येकाची आपली ठेवण असते. हे तंत्र ऊर्जा वाचवण्यासाठीच शोधले गेले, आणि त्यातून पाळत ठेवता येईल हा इशाराही हार्ट यांनी स्वतःच १९८९ मध्ये लिहून ठेवला.

जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी २०११च्या सुमारास आणखी पुढचे दाखवले. दर दोन सेकंदांनी आकडा पाठवणारा मीटर असेल, तर टीव्हीच्या पडद्यावरचे उजेड-अंधाराचे चढउतार वीजवापरात उतरतात आणि घरात कोणता चित्रपट चालू आहे हेही ओळखता येते.

पंधरा मिनिटांच्या आकड्यातून चित्रपट कळत नाही. पण घरातले लोक किती वाजता उठतात, कोण रात्रपाळी करते, कुटुंब किती दिवस बाहेरगावी होते, रात्री-अपरात्री दिवे लागू लागलेत म्हणजे घरात तान्हे बाळ किंवा आजारी माणूस असावे, इतके अंदाज नक्की बांधता येतात. दोन महिन्यांतून एकदा घेतलेल्या रीडिंगमधून यातले जवळजवळ काहीच कळत नाही. बारकाई बदलली की माहितीची जातच बदलते, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

डच ग्राहक संघटनेने टिलबर्ग विद्यापीठाकडून या विधेयकाची तपासणी करून घेतली. कोलेट काउपर्स आणि बर्ट-याप कोप्स या दोन कायदेतज्ज्ञांनी २००८ मध्ये अहवाल दिला. त्यांची कसोटी युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमाची, म्हणजे खासगी आणि कौटुंबिक आयुष्याच्या संरक्षणाची होती. सरकारला त्यात हस्तक्षेप करता येतो, पण तो लोकशाही समाजात आवश्यक आहे हे दाखवावे लागते. लोकांना ऊर्जा वाचवायला मदत करणे हा हेतू असेल, तर प्रत्येक घराचा दर पंधरा मिनिटांचा आकडा सक्तीने बाहेर का जावा? घरातल्या माणसाने तो घरातच पाहिला तर काय बिघडते? विधेयकाकडे याचे पटण्यासारखे उत्तर नव्हते.

डच लोकांच्या मनात माहितीच्या नोंदींबद्दल एक जुनी जखमही आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथली लोकसंख्या-नोंदवही फार काटेकोर होती आणि तिच्यात धर्मही नोंदलेला असे. कारभार सोयीचा व्हावा म्हणून केलेली ही नोंद नाझींच्या हाती गेली आणि ज्यू कुटुंबे शोधून काढायला वापरली गेली. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी अॅमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालय स्फोटकांनी उडवण्याचा प्रयत्न केला, तो ही कार्डे नष्ट व्हावीत म्हणून. १९७१च्या जनगणनेला इतका विरोध झाला की त्यानंतर नेदरलँड्समध्ये घरोघरी जाऊन जनगणना झालेली नाही. चांगल्या हेतूने जमवलेली माहिती पुढे कुणाच्या हाती पडेल हे जमवणाऱ्याला ठरवता येत नाही, हे त्या देशाने सोसलेले आहे. त्यामुळे २००९चा नकार मला सुखवस्तू लोकांची कुरकुर वाटत नाही.

नवी मांडणी

दुरुस्त कायदा २०११च्या सुरुवातीला मंजूर झाला. सक्ती आणि शिक्षा गेली. घरमालकापुढे आता पर्याय होते. मीटर नाकारता येत होता. मीटर घेऊन त्याचे दूरवरून वाचन बंद ठेवता येत होते. नेहमीच्या स्वरूपात मीटर घेतला तर वार्षिक बिल, घर बदलणे, वीजविक्रेता (तिथे तो वितरण कंपनीहून वेगळा असतो) बदलणे आणि दर दोन महिन्यांचा वापर-अहवाल अशा मोजक्या कामांसाठीच रीडिंग घेतले जाई. पंधरा मिनिटांचे आकडे घराबाहेर द्यायचे तर ग्राहकाची वेगळी, स्पष्ट संमती लागे. तोवर युरोपीय संघाचा २००९चा निर्देश आलेला होता. जिथे खर्चापेक्षा फायदा जास्त तिथे २०२०पर्यंत ८० टक्के ग्राहकांकडे स्मार्ट मीटर असावेत, असे त्यात म्हटले होते. नेदरलँड्सने आधी लहान प्रमाणावर आणि २०१५पासून देशभर मीटर देऊ केले. सक्ती नसतानाही बहुतेक घरांनी ते घेतले. नाही म्हणायची सोय असल्यामुळे कितीजण हो म्हणाले हे मोजता येणार नाही, पण कैदेची भीती घातली असती तर इतक्या शांतपणे हे झाले नसते, असे मला वाटते.

तांत्रिक बाजूला मीटरला चार दारे आहेत. चौथे दार वितरण कंपनीमार्फत वीजविक्रेते आणि इतर सेवा देणाऱ्यांसाठी, तिसरे थेट वितरण कंपनीसाठी, दुसरे गॅस आणि पाण्याच्या मीटरना जोडण्यासाठी. आणि पहिले, ज्याला तिथे सगळे 'पी-वन' म्हणतात, ते घरात राहणाऱ्याचे. हे दार आराखड्यात आधीपासून होते, पण नव्या कायद्यानंतर त्याला खरे महत्त्व आले, कारण बारीक माहितीचे घर आता तेच होते.

ते दिसायला अगदी साधे आहे. मीटरवर एक छोटी खाच, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी सहा तारांची वायर बसेल अशी. तिला वायर लावली की मीटर आधीच्या आवृत्तीत दर दहा सेकंदांनी आणि नव्या आवृत्तीत दर सेकंदाला साध्या मजकुराच्या काही ओळी बाहेर टाकतो. १-०:१.८.१ ने सुरू होणाऱ्या ओळीत स्वस्त दराच्या वेळात आजवर घेतलेली एकूण वीज असते. १-०:२.८.१ मध्ये सौरपॅनेलमधून उलट ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, दिलेली. १-०:१.७.० पुढे कंसात या क्षणी घर किती किलोवॅट ओढते आहे तो आकडा, समजा ००.४२४. कुलूप नाही, पासवर्ड नाही, कंपनीचे खाते नाही. ज्याला मीटरपर्यंत हात पोचतो त्याला आकडे वाचता येतात, आणि मीटर घरात असतो. मांडणी खुली आणि छापील असल्यामुळे कुणीही त्यावर उपकरण किंवा प्रोग्रॅम बनवू शकतो. हौशी मंडळींनी मुक्त स्रोताचे कितीतरी प्रोग्रॅम लिहिले. घरातली उपकरणे एकत्र चालवणाऱ्या होम असिस्टंट या मुक्त प्रणालीतही २०२१पासून ऊर्जेचा वेगळा फलक आहे.

खुला डेटा म्हटले की सरकारी संकेतस्थळावरची फाइल डोळ्यांपुढे येते. इथे खुले होते ते वाचायचे सूत्र, आणि आकडे घराच्या भिंतीआत राहिले. मला हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

त्या ००.४२४चा उपयोग काय, तर रात्री तीन वाजता घर झोपलेले असताना तो आकडा बघावा. फ्रिज क्षणभर थांबलेला असतानाही आकडा ००.१००च्या खाली जात नसेल, तर १०० वॅट कुठेतरी सतत वाहताहेत. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ते ८७६ युनिट होतात. डच घराचा वर्षाचा सरासरी वापर अडीच हजार युनिटच्या आसपास आहे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज कुणी वापरत नसताना जाते. मग एकेक प्लग काढून बघायचा आणि आकडा कुठे पडतो ते शोधायचे. हे दोन महिन्यांच्या अहवालातून कधीच सापडत नाही.

जिथे योजना कमी पडली

मीटर देशभर देताना सरकारने धरलेला अंदाज असा होता की घरे सरासरी ३.५ टक्के ऊर्जा वाचवतील. डच पर्यावरण मूल्यांकन संस्थेने २०१६ मध्ये हिशेब तपासला तेव्हा प्रत्यक्ष बचत एक टक्क्याहूनही कमी निघाली.

कारण खासगीपणाचा कायदा नव्हते. बहुतेक लोकांच्या हाती पडत होता तो फक्त दोन महिन्यांचा अहवाल, आणि तो ईमेलने येऊन न वाचता पडून राहायचा. ब्रिटनमध्ये मीटरबरोबर घरात ठेवायचा छोटा पडदा मोफत दिला गेला. नेदरलँड्सने ते बाजारावर सोडले. ज्याला हवे त्याने पी-वनचे उपकरण स्वतः विकत घ्यावे. घेतले ते तंत्राची आवड असलेल्यांनी, आणि त्यातले बरेचजण आधीपासूनच काटकसरीने वागणारे. संस्थेनेही आपल्या अहवालात थेट, त्या क्षणी दिसणाऱ्या आकड्यांवर भर दिला.

म्हणजे माहितीचा मालक ठरला, पण ती त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायची जबाबदारी कुणावरच पडली नाही. माझ्या मते ही कायद्याची उणीव होती आणि ती टाळता आली असती. मीटर बसवायला माणूस घरात येतोच, त्याच वेळी एक पडदा लावणे फार मोठे काम नव्हते.

मग २०२२ आले. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅसचे भाव गगनाला भिडले आणि त्या वर्षी नेदरलँड्समधला गॅसचा एकूण वापर २२ टक्क्यांनी घटला. यात उद्योगांचाही मोठा वाटा आहे आणि भावाचा धाक सर्वांत मोठा, त्यामुळे याचे श्रेय मीटरला देणे चुकीचे ठरेल. पण थर्मोस्टॅट एक अंशाने खाली केल्यावर काय फरक पडला हे ज्यांना त्याच दिवशी पाहता आले, त्यांच्या हाती काहीतरी होते. बाकीच्यांनी थंडी सोसली आणि बिलाची वाट पाहिली.

गल्लीचा आकडा

घराचा आकडा घरात राहिला तर शहराने नियोजन कशावर करायचे? या प्रश्नाचे डच उत्तर मला फार आवडते. वितरण कंपन्या दरवर्षी आपल्या भागातल्या घरगुती वापराची फाइल कुणालाही उतरवून घेता येईल अशी प्रसिद्ध करतात. त्यात एकेका पोस्टकोडची ओळ असते. डच पोस्टकोड आपल्या पिनकोडपेक्षा कितीतरी बारीक असतो. चार अंक आणि दोन अक्षरे मिळून साधारण गल्लीचा एक तुकडा, वीसेक घरे. ओळीत रस्त्याचे नाव, किती जोडण्या, सरासरी वार्षिक वापर, त्यांतल्या किती टक्के मीटर स्मार्ट आहेत, आणि किती ठिकाणी वीज उलट ग्रिडकडे जाते याचा अंदाज. एका गटात किमान दहा जोडण्या हव्यात. कमी असतील तर शेजारचा पोस्टकोड त्यात मिसळतात.

या फाइलशेजारी दुसरी खुली माहिती ठेवा. नेदरलँड्समध्ये प्रत्येक इमारतीचे बांधकाम-वर्ष आणि क्षेत्रफळ भूमापन खात्याकडून खुले मिळते, आणि घराचा ऊर्जा-दर्जाही पत्त्यावरून पाहता येतो. आता नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याला एकाही कुटुंबाचे आकडे न उघडता दिसते की १९६०च्या दशकातल्या या दोन गल्ल्या सारख्याच आकाराच्या आहेत, पण एकीचा गॅस दुसरीच्या दीडपट जातो. तिथे भिंतींना उष्णतारोधक भरायचे काम आधी घ्यावे. घराची माहिती खुली आणि घरात राहणाऱ्याची झाकलेली, अशी ही विभागणी आहे.

याची निकड त्या देशाला वेगळी सांगावी लागत नाही. १९५९ मध्ये ख्रोनिंगेनमध्ये सापडलेल्या प्रचंड वायुसाठ्यावर डच घरे तापली, आणि त्याच उपशाने तिथली जमीन हादरू लागली. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, घरांना भेगा गेल्या. १ जुलै २०१८पासून नव्या घरांना साधारणपणे गॅसची जोडणी मिळत नाही आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ख्रोनिंगेनचा उपसा थांबला. जुनी लाखो घरे गॅसवरून हलवायची, तर आधी कोणती गल्ली, हे ठरवायला गल्लीचा आकडा लागतोच.

दहाचा नियम अभेद्य नाही, हेही सांगायला हवे. एखाद्या गटात या वर्षी एकच नवे घर आले, तर दोन वर्षांच्या सरासऱ्या आणि जोडण्यांची संख्या घेऊन साध्या वजाबाकीने त्या घराचा वापर बऱ्यापैकी जवळपास काढता येईल. पण हाती लागेल तो वर्षाचा एक ठोकळ आकडा, झोपण्या-उठण्याच्या वेळा नव्हेत. जोखीम आहे, तिचा आकार लहान आहे. फाइल आठवड्याला काढू लागलात की तोच दहाचा नियम अपुरा पडेल.

याहून बारीक प्रश्नांसाठी आणखी एक खोली आहे. कुठल्या घरांना उत्पन्नाच्या मानाने ऊर्जेचा खर्च झेपत नाही हे शोधायला घरागणिक वापर, उत्पन्न आणि घराची अवस्था एकत्र पाहावी लागते. हे काम डच सांख्यिकी विभागाच्या बंदिस्त व्यवस्थेत होते. नावे-पत्ते काढलेले असतात, संशोधक तिथेच काम करतात, आणि बाहेर नेण्याचा प्रत्येक तक्ता आधी तपासला जातो. ऊर्जा-गरिबीचे वस्तीवार नकाशे अशा माहितीतून निघाले.

आता ताण कुठे आहे

२००९ मध्ये कुणाच्या डोक्यात नसलेला प्रश्न आज पुढे आहे. डच घरांपैकी सुमारे एक तृतीयांश घरांवर सौरपॅनेल आहेत. विजेवरच्या गाड्या आणि हीट पंप, म्हणजे गॅसऐवजी विजेवर घर तापवणारी यंत्रे, वाढताहेत. ग्रिड अनेक ठिकाणी भरून गेले आहे आणि नव्या जोडणीसाठी उद्योगांना थांबावे लागते. वितरण कंपनीला आता वर्षाची सरासरी पुरत नाही. मे महिन्यातल्या उन्हाच्या दुपारी एका ट्रान्सफॉर्मरवरची सगळी पॅनेल एकाच वेळी वीज ढकलू लागली की व्होल्टेज कुठे चढते, हे तिला पाहायचे असते.

मला यात कंपनीची बाजू खरी वाटते. ट्रान्सफॉर्मरचा भार ही एका घराची खासगी बाब नाही, आणि ग्रिड न वाढवता आहे त्यात जास्त सौरऊर्जा सामावली तर पर्यावरणाला थेट फायदा आहे. पण त्यासाठी कंपनीला हवा आहे तो तारेचा आकडा, घराचा नव्हे. तो ट्रान्सफॉर्मरवर मोजता येतो, किंवा मीटरचे आकडे वाचताक्षणी बेरीज करून सुटे टाकून देता येतात. दहातले एखादे घर नाही म्हणाले तरी अशी बेरीज कोसळत नाही. कंपन्यांनी हाच मार्ग पक्का करावा, आणि 'पुढे कधी लागतील' म्हणून सुटे आकडे साठवून ठेवू नयेत.

दुसरा ताण संमतीचा. तासागणिक बदलणारा दर घेतला तर उन्हाच्या दुपारी वीज जवळजवळ फुकट, कधी उणे भावानेही मिळते. गाडी तेव्हा चार्ज करा, पैसे वाचतात आणि सौरऊर्जा वाया जात नाही. पण बिल तसे करायचे तर बारीक आकडे विक्रेत्याला द्यावेच लागतात. ही देवाणघेवाण प्रामाणिक आहे, काय देतोय आणि काय मिळतेय हे दोन्ही दिसते. १ जानेवारी २०२७पासून दिलेली आणि घेतलेली वीज वर्षाअखेर सरसकट वजा करण्याची सवलत बंद होते आहे, म्हणून या मार्गाने जाणारी घरे वाढतील. तेव्हा संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे राहते का, याकडे मी लक्ष ठेवून आहे. जुना ग्राहक कंपनी सोडून गेल्यावर त्याचे पंधरा मिनिटांचे आकडे कधी पुसले जातात, हाही त्यातलाच प्रश्न.

आणि राहिला २०१६चा जुना धडा. ऊर्जा-गरिबीच्या नकाशावर गडद रंगवलेल्या वस्त्यांत भाड्याने राहणारी घरेच पुष्कळ. त्यांची माहिती नकाशाला उपयोगी पडली, पण पी-वनला जोडायचे उपकरण त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे आहे. नव्या आवृत्तीच्या मीटरमध्ये त्या खाचेतूनच उपकरणाला पाच व्होल्ट वीज मिळते, वेगळा प्लगही लागत नाही. अनेक नगरपालिकांत ऊर्जा-सल्लागार स्वयंसेवक घरी येऊन दारांच्या फटी बुजवून देतात, दिवे बदलून देतात. त्यांच्या पिशवीत हे उपकरण पालिकेच्या खर्चाने असायला हवे, आणि ते लावून घरातल्यांबरोबर बसून रात्रीचा आकडा कसा वाचायचा हे दाखवणे त्यांच्या कामाचा भाग असायला हवा.